बर्फाच्या कप्प्यातलं रक्त

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये मी माझं रक्त ठेवलं, ते बर्फाच्या कप्प्यात. चूक एवढीच. पण ती करताना माझा चेहरा इतका जाणकार माणसाचा होता की पाहणाऱ्याला ती चूक वाटलीच नसती. मला तर नाहीच नाही.

आमच्या इमारतीत तेव्हा फ्रिज एकच होता, काकूंचा. मुलगा आखातात नोकरीला, त्याने घेऊन दिलेला. काकू मूळच्या सांगलीकडच्या, इथे एकट्याच राहायच्या, आणि अख्ख्या जिन्याचं दूध-दही त्या फ्रिजमध्ये ठेवून घ्यायच्या. त्या रविवारी सकाळी पलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी माझ्या दंडातून रक्त काढलं, रबरी बुचाच्या एका छोट्या बाटलीत भरलं आणि बजावलं, “उद्या सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात.” सोमवारी पहाटेच्या बसने बायको मुंबईला जाणार होती. तिच्या शाळेपासून जवळच एक मोठी लॅब होती, तिथे ती बाटली द्यायची होती.

मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. नमुने सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गारव्यात नमुना टिकतो हे डॉक्टरीणबाईंना माहीत, तर जास्त गारव्यात जास्त टिकतो हे मला माहीत. काकू देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. “काकू, एक छोटी बाटली ठेवतो हं, उद्या पहाटे नेतो,” एवढंच मी म्हटलं. “ठेवा की, विचारताय काय,” त्या म्हणाल्या. मी खालचा कप्पा ओलांडून बाटली थेट वर, बर्फात सारली आणि समाधानाने दार लावलं.

सोमवारी पहाटे मी फ्लास्क घेऊन खाली गेलो तर काकू बाटली हातात धरून, चष्मा कपाळावर चढवून उजेडाकडे बघत होत्या.

“तुमचं कोकमाचं आगळ घेऊन जावा. पार दगड झालाय त्याचा. आणि एवढंसंच? कोकणातली माणसं म्हणजे जपूनच सगळं.”

“काकू, ते आगळ नाही. रक्त आहे.”

काकूंचा हात जागच्या जागी थांबला. “कुणाचं?”

“माझंच.”

“मग ते तुमच्याजवळ ठेवायचं सोडून माझ्या फ्रिजात कशाला?”

मी बाटली फ्लास्कमध्ये घातली आणि वर बायकोकडे नेऊन दिली. त्या दिवशी काकूंनी फ्रिजला आंघोळ घातली, जिन्यातल्या सगळ्यांचं दही ओतून दिलं आणि मधल्या मजल्यावरची माणसं मला आठवडाभर “काय, आज काही ठेवायचंय का?” असं विचारत राहिली. माणसं माझ्याशी आपणहून बोलली म्हणून मला ते बरंच वाटलं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

त्या बाटलीवर काय अवलंबून होतं ते आता सांगायला हवं.

परळच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे राहत होतो. आई, भाऊ, त्याचा संसार, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. वाशीला फ्लॅटसाठी नंबर लागला तेव्हा घरात पेढे वाटले गेले. माझा कारखाना तळोज्याला, कंपनीची बस वाशीच्या नाक्यावरून सुटायची, तेव्हा मी पुढे जाऊन राहावं आणि बायकोने मुलीला घेऊन मागून यावं, असं ठरलं. तिची शाळा परळला. विज्ञान शिकवायची. नोकरी कायम झालेली. वाशीत तेव्हा शाळा निघत होत्या, पण तिथली नोकरी वर्षावर्षाच्या बोलीवर. आज आहे, जूनमध्ये असेलच असं नाही. म्हणून ‘मागून’ हा शब्द लांबत गेला. शनिवारी संध्याकाळी ती आणि मुलगी खाडी ओलांडून यायच्या आणि सोमवारी पहाटे परत जायच्या. मधले दिवस माझे.

मधल्या दिवसांबद्दल काय सांगू? परळला एकटं बसायचं म्हटलं तर संडासात, आणि तिथेही बाहेरून कोणीतरी कडी वाजवणार. वाशीत मला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असं सगळंच्या सगळं एकट्याला मिळालं. गॅलरीतून दिसायचे ते प्लॉट. गवत वाढलेले, कोपऱ्यात नंबरचा दगड रोवलेले. रस्ते मात्र आधीच करून ठेवलेले, रुंद, सरळ, दिव्यांसकट. संध्याकाळी सगळे दिवे लागायचे आणि खाली चालणारं माणूस नसायचं. पाहुणे येणार म्हणून सतरंज्या घालून ठेवाव्यात आणि पाहुण्यांनी येऊ नये, तसं ते दिसायचं. अंधार पडू लागला की खाडीच्या बाजूने कोल्हे ओरडायचे. पहिल्या आठवड्यात मी घाबरलो. पुढे पुढे ते ओरडले नाहीत तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

कारखान्यातून आलो की मी बसस्टॉपवर जाऊन उभा राहायचो. कुणी येणार नसायचं. मुंबईहून आलेली बस थांबायची, चार माणसं उतरायची, आपापल्या इमारतीकडे जायची. मी घड्याळ बघायचो, जणू माझा पाहुणा पुढच्या बसला आहे. मग घरी येऊन भात लावायचा. एका माणसाचा भात कधी नीट होत नाही. एक तर कमी होतो, नाहीतर दुसऱ्या दिवशीही तोच खावा लागतो.

अशा घरात माणूस आजारी पडला तर ते कळायला वेळ लागतो. माझा आवाज बसला. तो बसला हे मला शनिवारी कळलं, कारण आठवडाभर तो वापरलाच नव्हता. हालचाली मंदावल्या, पण घाई कशाची होती? थंडी वाजायला लागली, तेव्हा मला वाटलं, खाडीचा वारा. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, तेव्हा मला वाटलं, आरसा स्वस्तातला. झोप तर इतकी की भाकरी खाता खाता डोळे मिटायचे. आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे. लग्नकार्यात जेवणं झाली की मला मध्ये बसवायचे. एका शनिवारी मी मुलीला गोष्ट सांगत होतो. राक्षस गुहेच्या दाराशी आला, आणि पुढे काहीच नाही. मी झोपलो होतो. मुलीने आईला हाक मारून सांगितलं, “आई, राक्षस आला आणि बाबा गेले.”

बायको हसली नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

कारखान्यात तर मी चेष्टेचाच विषय झालो होतो. माझ्या हातून एक नमुना दोनदा तपासला गेला आणि एक तपासायचाच राहिला. साहेबांनी कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते वयस्कर गृहस्थ, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी यायचे, सगळ्यांना एकच लाल औषध द्यायचे. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मी.”

“आणि?”

“आणि पाली.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, शरीराला काही झालेलं नाही. एकटेपणाने मन खचतं, आणि मन खचलं की शरीर असं करतं. औषध नाही याला. फॅमिली इकडे आणा.”

मी हे बायकोला सांगायला नको होतं, पण न सांगून किती दिवस राहणार? सांगायला दुसरी गोष्टही नव्हती माझ्याकडे. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की शाळेत सांगते. जूनपासून नाही येत म्हणून.”

“अगं, पण नोकरी कायम आहे तुझी.”

“आणि तुम्ही? तुम्ही कायम आहात का?”

ती एवढं सहज बोलली, पण त्या शाळेत तिचं काय होतं ते मला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा तिने उभी केली होती. आधी तिथे मोडके बाक ठेवायचे. तिने मागे लागून लागून कपाटं करून घेतली, बरण्या आणल्या, एक सूक्ष्मदर्शक मिळवला. गिरणगावातल्या पोरी त्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघून ओरडायच्या, ते तिला आठवडाभर पुरायचं. शनिवारी वाशीला येताना त्या कपाटाची किल्ली ती पर्समध्ये घालून आणायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, “असू दे.” ती किल्ली आता माझ्यामुळे परत द्यावी लागणार होती. माझ्यामुळे म्हणजे, मला एकट्याला राहता येत नाही म्हणून. पन्नास बरण्यांच्या समोर एक नवरा, आणि तोही झोपाळू.

डॉक्टरीणबाईंकडे मला पाठवलं ते काकूंनी. होळी नुकतीच होऊन गेलेली, दुपारी डांबर वितळत होतं, आणि मी स्वेटर घालून जिना उतरत होतो. काकू दारातूनच म्हणाल्या, “अहो, महाबळेश्वरला निघालात का काय?” मग जवळ येऊन माझ्याकडे नीट पाहिलं. “हे काय चांगलं लक्षण न्हवं. पलीकडं दुकानांच्या रांगेत एक डॉक्टरीण बसायला लागलीय. पोरगीच आहे, पण घाई करत नाही. जाऊन या.”

पोरगीच होती खरी. दवाखाना इतका नवा की भिंतींना रंगाचा वास येत होता आणि बाकावर मी एकटाच. तिने माझ्यामागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि पाण्याचा घोट घ्यायला सांगितला. “पुन्हा घ्या. पुन्हा.” कितीतरी दिवसांत मला कुणी इतका वेळ हात लावला नव्हता. मी तिसरा घोट न मागताच घेतला.

“गळ्यापाशी एक ग्रंथी असते, थायरॉइड,” ती म्हणाली. “तुमची थोडी मोठी आणि टणक लागतेय. तिचं काम मंदावलं तर माणूस असाच मंदावतो. रक्त तपासू.”

त्या पहिल्या तपासणीसाठी मी उरलीसुरली रजा टाकून मुंबईला जाऊन आलो. उत्तर आलं ते काठावरचं. धड कमी नाही, धड बरोबर नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी कागद लांबूनच बघितला. “काठावर का होईना, पास आहात ना? मग झालं तर. मी काय सांगितलं? फॅमिली आणा.”

डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, “काठावर आहे म्हणूनच पुढची तपासणी करायची. अँटिबॉडीची.”

अँटिबॉडी म्हणजे काय ते त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. बाहेरचा जंतू शरीरात शिरला की त्याला ओळखून पकडणारे पहारेकरी रक्तात तयार होतात. एरवी हे चांगलं. पण कधीकधी शरीर आपल्याच ग्रंथीला परकं समजतं आणि तिच्याविरुद्ध पहारेकरी तयार करतं. ते तिला हळूहळू पोखरतात. रक्तात असे पहारेकरी भरपूर सापडले, तर ग्रंथी का मंदावली ते कळेल. मग मनाबिनाचा प्रश्न नाही, रोज एक गोळी.

हे मला पटकन समजलं. आमच्या सोसायटीच्या नव्या वॉचमनने मला एकदा गेटवर अडवलं होतं. “किसको मिलना है?” मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, “मुझे ही.”

“आणि नाही सापडले तर?” मी विचारलं.

“तर मग तुमच्या कंपनीचे डॉक्टर म्हणतात त्याचा विचार करावा लागेल,” त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

बायकोने हे ऐकलं आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत राजीनामा न द्यायचं कबूल केलं. रक्तात पहारेकरी सापडले तर तिची शाळा राहणार, नाही सापडले तर किल्ली परत. माणसाच्या बायकोची नोकरी त्याच्या रक्तातल्या शिपायांवर ठरावी, अशी वेळ किती जणांवर येते? आणि एवढं सगळं ज्या बाटलीत होतं, ती मी बर्फात ठेवली.

पुढच्या शनिवारी बायको आली ती बसमधून उतरता उतरताच बोलली. “लॅबमधल्या माणसाने विचारलं, हे रक्त आहे की लाल शाई?”

“म्हणजे?”

“म्हणजे गोठवलंत तुम्ही. रक्तातल्या पेशी फुटल्या सगळ्या. वर जे पिवळं पाणी यायला हवं, तेच लाल झालं. तपासणीच्या उपयोगाचं नाही.” मग ती पिशव्या घेऊन पुढे चालू लागली. दारात कुलूप उघडताना म्हणाली, “सातवीच्या पोरीला कळतं हो, बाटली गोठली तर आत काय होईल ते.”

“मी रंगाचा केमिस्ट आहे. रंगात पेशी नसतात.”

“मुद्दाम नाही ना केलंत?”

मी इतका चकित झालो की माझा बसलेला आवाजही क्षणभर उठला. “मुद्दाम? कशासाठी?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “या वेळी बाटली नको. रक्त माणसातच ठेवून न्या. माणसासकट.”

तेव्हा मी बिनपगारी रजा घेतली आणि एका बुधवारी मुंबईला गेलो. बायकोने शाळेतून दोन तास मागून घेतले होते. लॅबच्या बाहेर बाकावर ती आधीच येऊन बसली होती, बोटांना खडू लागलेला. मी शेजारी बसलो. आमचा नंबर यायला वेळ होता.

बुधवारी बायकोला भेटणं ही मला केवढी चैन वाटली, ते आता सांगून खरं वाटणार नाही. शनिवार-रविवारी भेटायचो ते कामं घेऊन. धुणं, भाजी, मुलीचा अभ्यास, सोसायटीचं पाणी. इथे काहीच काम नव्हतं. पंखा फिरत होता, त्याने मला थंडी वाजत होती, आणि तिने जागा बदलली. पंख्याच्या बाजूला ती बसली, मी आडोशाला. तिने डब्यातली अर्धी पोळी मला दिली. मी म्हटलं, “रक्त द्यायचंय, खाऊ का?” ती म्हणाली, “याला उपाशी राहावं लागत नाही. मी विचारलंय.”

“शाळेत बोललीस का कोणाशी?”

“मोठ्या बाईंच्या कानावर घातलंय नुसतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसा म्हटलं.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “नवीन येईल ती सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवेल का, कोण जाणे. टेबलावर राहिला तर धूळ बसते हो त्याच्यावर.”

मी तिच्याकडे बघितलं आणि त्या क्षणी माझ्या मनात दोन गोष्टी एकदम होत्या. एक, की रक्तात भरपूर पहारेकरी सापडू देत. दुसरी, की एकही सापडू नये. सापडला नाही तर ही जूनमध्ये येईल. रोज येईल, म्हणजे जाणारच नाही. संध्याकाळी गॅलरीत दुसरी खुर्ची लागेल. भाताचं माप ठरेल. देवाला काय मागावं तेच मला कळेना, म्हणून मी काही मागितलं नाही. तेवढ्यात आतून हाक आली आणि मी बाही वर करत उठलो.

निकाल तीच आणणार होती, कारण लॅब तिच्याजवळ. मी तो आठवडा कसा काढला हे सांगण्यासारखं काही नाही. झोपून काढला.

शनिवारी मी स्टॉपवर लवकर जाऊन उभा राहिलो. या वेळी खरंच कुणीतरी येणार होतं, तरी सवयीने घड्याळ बघत होतो. ती उतरली, मुलगी उतरली, पिशव्या उतरल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. विज्ञानाच्या बाई निकाल वर्गात शिरता शिरता सांगत नाहीत. घरी आलो, मुलगी काकूंकडे खाली पळाली, चहा झाला, आणि मग तिने पर्समधून कागद काढला, पण माझ्या हातात दिला नाही.

“आधी ऐका. मी त्यांना म्हटलं, मी विज्ञान शिकवते, मला बघू द्या कसं करतात ते. नाही म्हणत होते, मग दाखवलं. एक पांढरी ताटली असते, तिला बारीक बारीक वाट्या. रक्तातलं ते पिवळं पाणी पहिल्या वाटीत थोडं पातळ करून घालतात. पुढच्या वाटीत त्याच्या दुप्पट पातळ. मग त्याच्या दुप्पट. असं करत करत इतकं पातळ की त्यात काही उरलं असेल असं वाटूच नये. मग प्रत्येक वाटीत खास तयार केलेल्या तांबड्या पेशी टाकतात आणि ठेवून देतात.”

“आणि?”

“अँटिबॉडी नसतील तर पेशी घरंगळत जाऊन तळाशी मध्यभागी जमतात. एक लहान ठिपका दिसतो. असतील तर त्या पेशी एकमेकींना धरतात. खाली घरंगळत नाहीत. सबंध तळाशी चटईसारख्या पसरून राहतात.” तिने टेबलावर बोटाने गोल काढला, आणि तळहात त्यावर पसरून ठेवला. “तुमच्या सगळ्या वाट्यांत चटई होती. शेवटच्या वाटीपर्यंत. तो माणूस म्हणाला, एवढं पातळ करूनही सुटत नाहीत, म्हणजे भरपूर आहेत.”

“म्हणजे आहे.”

“आहे. थायरॉइडच. मनाचं नाही.” तिने कागद माझ्यापुढे ठेवला. मग ओंजळीत तोंड लपवून ती रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. तिची शाळा राहिली म्हणून मला आनंद झाला होता. अगदी मनापासून. फक्त गॅलरीकडे बघणं मी टाळलं.

गोळी इवलीशी, पांढरी. सकाळी उपाशीपोटी. पहिले काही आठवडे काही झालं नाही, आणि मग हळूहळू सगळं परत यायला लागलं. थंडी गेली. स्वेटर ट्रंकेत गेला. चेहऱ्याची सूज उतरली आणि आरसा महाग वाटू लागला. आवाज उठला. पावसाळा संपता संपता भावाच्या घरी बारसं होतं, तिथे मी जेवणानंतर फ्रिजची गोष्ट सांगितली, काकूंच्या आवाजासकट. माणसं पोट धरून हसली. राक्षसाची गोष्टही मुलीला पूर्ण करून सांगितली. ती म्हणाली, “एवढीच होती होय? मला वाटलं मोठी असेल.”

कंपनीच्या डॉक्टरांना मी कागद दाखवला. ते म्हणाले, “हं. पण फॅमिली आणलीत तर वाईट नाहीच.” हे मात्र त्यांचं चूक म्हणता येणार नाही.

गोळीने एक गोष्ट मात्र केली, जी डॉक्टरीणबाईंनी सांगितली नव्हती. आधी मी एकटेपणा झोपून काढत होतो. आता टक्क जागा होतो. संध्याकाळी सहापासून कोल्हे गप्प होईपर्यंतचा सगळा वेळ आता मला नीट दिसायला लागला. प्लॉटवरचं गवत कसं कसं वाकतं ते मला पाठ झालं. समोरच्या इमारतीतले दिवे कोणत्या क्रमाने लागतात आणि कोणता लागतच नाही, हेही. बसस्टॉपवर मी पुन्हा जायला लागलो, आता ताठ चालत. डॉक्टरीणबाई विचारायच्या, “आता कसं वाटतं?” मी म्हणायचो, “एकदम छान.” बायको विचारायची, “कंटाळा नाही ना येत?” मी म्हणायचो, “छे, वेळ कुठे असतो?” आणि तिच्यासमोर खरंच माझी बडबड इतकी सुरू असायची की तिला ते पटायचं. खोटं बोलतो असं मला वाटत नव्हतं. गोष्ट रंगवून सांगणं हे माझं घरातलं कामच होतं, आणि हीही एक गोष्टच. हिचा शेवट मी बदलला असता तर तिच्या पर्समधली किल्ली गेली असती.

तिच्या बसचा थांबा रस्त्याच्या एका बाजूला आणि माझ्या कंपनीच्या बसचा दुसऱ्या बाजूला. सोमवारी पहाटे मी आधी तिच्या बाजूला उभा राहायचो. ती आणि मुलगी चढल्या की रस्ता ओलांडून माझ्या बाजूला. एक बस खाडीकडे जायची, दुसरी तळोज्याकडे.

दिवाळीनंतरचा एक सोमवार होता. हवेत थोडा गारवा, पण मला स्वेटरची गरज नव्हती आणि ते मी दोनदा बोलूनही दाखवलं. मुलगी आईच्या खांद्याला टेकून पेंगत होती. मी काहीतरी सांगत होतो, बहुतेक कारखान्यातलंच, आणि बायको ऐकत नव्हती. अंधारात दुरून बसचे दिवे दिसायला लागले, तेव्हा ती मध्येच म्हणाली, “एक विचारू?”

“विचार ना.”

“तेव्हा बाटली मुद्दाम गोठवलीत का, असं विचारलं होतं मी. आठवतं?”

“आठवतं तर. असं का वाटलं तुला, हे मात्र अजून कळलं नाही.”

बस जवळ आली. तिने मुलीला जागं केलं, पिशवी उचलली, पर्स उघडून किल्ली आहे ना ते हाताने चाचपलं आणि पायरीवर एक पाय ठेवून मागे वळली.

“मला वाटलं होतं, मी यावं म्हणून केलंत. मग ते सगळं गळ्यातच निघालं, गोळीने बरंही झालं. चांगलंच झालं हो, माझी शाळा राहिली. पण मी नाही म्हणून तुम्ही असे झालात असं मी किती महिने समजत होते. थोडं तरी माझ्यामुळे असेल, असं वाटलं होतं मला.”